लष्कर आणि नागरी तंत्रज्ञान : पन्हाळ्याच्या उखळी तोफेपासून आजच्या धोरणापर्यंत

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता आंबा घाटाला भिडण्यापूर्वी मलकापूर लागते. शाहूवाडी तालुक्यातील हे छोटेसे बाजारपेठेचे गाव. पावनखिंड आणि विशाळगड याच तालुक्यात आहेत. राजापूर बंदराकडे उतरणारा जुना अणुस्कुरा घाटही याच तालुक्यात आहे. जुलै १६६० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंड लढवली, हा प्रसंग मराठी माणसाच्या मनावर कोरलेला आहे. मात्र त्याच वेढ्यात घडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. राजापूरच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आपली उखळी तोफ आणि कुलपी गोळे घेऊन पन्हाळा गाठला होता आणि गडावर मारा केला होता. त्यांचे सैन्य नव्हते, त्यांचे या मुलखाशी वैर नव्हते. वखारीत माल भरणारी आणि विकणारी ही माणसे होती. पण युद्धाचे अद्ययावत तंत्र त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी त्या घडीला बलवान दिसणाऱ्या पक्षाच्या पदरात टाकले.

नागरी क्षेत्रातील तंत्रज्ञान आणि लष्कराची गरज यांची सांगड राष्ट्राने कशी घालावी, हा प्रश्न आज दिल्लीपासून बीजिंगपर्यंत सर्व राजधान्यांत चर्चिला जातो. त्याची परिभाषा नवी असली तरी प्रश्न नवा नाही. सह्याद्रीच्या या परिसराने तो साडेतीन शतकांपूर्वी अनुभवला. पुढे महाराष्ट्राने त्याची बरीवाईट उत्तरेही शोधली.

संकल्पना

ज्या तंत्राचा उपयोग नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांसाठी होऊ शकतो, त्यास दुहेरी उपयोगाचे तंत्रज्ञान म्हणतात. मोटारीचा क्रँकशाफ्ट घडवणारी भट्टी आणि हातोडा तोफेची नळीही घडवू शकतात. खाणीत सुरुंग उडवणारे स्फोटक आणि रॉकेटमधील स्फोटक यांचे रसायनशास्त्र एकमेकांच्या जवळचे असते. हवामानाचा अंदाज वर्तवणारा महासंगणक क्षेपणास्त्राचे गणितही सोडवतो.

या देवाणघेवाणीचे दोन प्रवाह आहेत. पहिल्यात लष्करासाठी झालेले संशोधन कालांतराने नागरी जीवनात येते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेट या संगणक जाळ्यातून पुढे इंटरनेट उभे राहिले. जीपीएस ही उपग्रहप्रणालीही मुळात लष्करी होती. दुसऱ्या प्रवाहात नागरी बाजारपेठेत विकसित झालेले तंत्र लष्कर उचलते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पहिला प्रवाह जोरदार होता. आज ड्रोन, संगणकीय चिपा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि दळणवळण या क्षेत्रांत खासगी उद्योग लष्करी प्रयोगशाळांच्या पुढे गेले आहेत. त्यामुळे हे तंत्र लष्करापर्यंत कसे आणावे, हा धोरणाचा विषय बनला आहे.

वखार आणि गलबते

राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन होता. पन्हाळ्याला जाण्यापूर्वी काही आठवडे त्याने शिवाजी महाराजांशीही स्नेहाचा पत्रव्यवहार केला होता. आदिलशाहीचा सेनापती वरचढ ठरणार असे दिसताच त्याने बाजू बदलली. परिणाम व्हायचा तोच झाला. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरवर छापा घातला, वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद झाली. उरलेल्या कैद्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. सुरतेच्या वरिष्ठांनीही या आपत्तीचा दोष वखारवाल्यांच्याच माथी मारला. नुकसानभरपाईचा हा वाद अखेर १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी झालेल्या तहात मिटला. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध महाराजांना तोफा हव्या होत्या, तेव्हा इंग्रजांनी टाळाटाळ केली. तोफा मिळवण्यासाठी फ्रेंचांकडे वळावे लागले.

याच्या थोडे आधी, १६५९ च्या सुमारास, कल्याण-भिवंडीच्या खाडीत मराठा आरमाराची पहिली गलबते बांधली जात होती. हे काम रुय लैताव व्हियेगस या पोर्तुगीज जहाजबांधणी तज्ज्ञाकडे होते. त्याच्या हाताखाली तीनशेहून अधिक माणसे होती. हे आरमार उद्या आपल्याच विरुद्ध उभे राहील, हे ओळखून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यास गुप्तपणे फितवले आणि हे कारागीर काम टाकून निघून गेले. आजच्या भाषेत यास तंत्रज्ञान नाकारणे म्हणतात. आरमार मात्र थांबले नाही. कोकणातील स्थानिक सुतार, लोहार आणि दर्यावर्दी यांच्या बळावर ते वाढत गेले.

या अनुभवांचे सार आज्ञापत्रात उतरलेले दिसते. हा राजनीतिपर ग्रंथ १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झाला आणि तो रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. सावकार हे राज्याचे भूषण आहेत, त्यांना सांभाळावे, असे हा ग्रंथ सांगतो. मात्र इंग्रज, पोर्तुगीज, डच, फ्रेंच आदी टोपीकरांना तो इतर सावकारांच्या पंक्तीत बसवत नाही. त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत, म्हणून त्यांना व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी किंवा खाडीकाठी पक्की जागा देऊ नये, असा त्याचा सल्ला आहे. आरमारासाठी लाकूड तोडतानाही रयतेच्या आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, असे तो बजावतो. नागरी संपत्ती आणि लष्करी गरज यांचा तोल कसा राखावा, याविषयीचे मराठीतील हे बहुधा सर्वांत जुने धोरणविवेचन ठरावे.

परक्याच्या हातचे कसब

अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांनी द बॉइन या युरोपीय सेनानीकडून कवायती फौज उभी करवली. आग्र्यास सँगस्टर या स्कॉटिश तज्ज्ञाने उत्तम तोफा ओतल्या. सप्टेंबर १८०३ मधील असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजी फौजेची मोठी हानी केली. तोफांत उणेपणा नव्हता. पण त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्ली याने शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचे आवाहन केले आणि अनेकजण निघून गेले. शस्त्र राहिले, पण शस्त्रामागचा माणूस गेला.

मलकापूर परिसराने याचा पुढचा अंक पाहिला. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचा उठाव झाला. तो मोडल्यावर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली. विशाळगडकर पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे मलकापूरला आले. गड गेले, तसा गडावरचा दारूगोळा, तोफा आणि त्यांची निगा राखणाऱ्या माणसांचा पिढीजात रोजगारही गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने देशी शस्त्र व्यवसायावर परवान्यांची बंधने आणली. सरकारी दारूगोळा कारखाने मात्र उभे राहिले. त्यांपैकी पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ मधील कारखाना हा महाराष्ट्रातील सर्वांत जुना. या कारखान्यांत हिंदी कामगार होते, पण रचना, निर्णय आणि संशोधन परदेशात होत असे.

वालचंद हिराचंद यांचे धाडस

देशी नागरी उद्योगाने या भिंतीला पहिले मोठे भगदाड पाडले ते दुसऱ्या महायुद्धात. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे बांधकाम, साखर आणि जहाजवाहतूक या व्यवसायांतील उद्योजक. विमाने हिंदुस्थानातच तयार व्हावीत, हा त्यांचा आग्रह होता. म्हैसूर संस्थानाच्या भांडवली साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना केली. १९४१ मध्ये तेथे पहिले विमान जोडले गेले. त्याच वर्षी त्यांच्या सिंदिया कंपनीच्या विशाखापट्टणम येथील जहाज कारखान्याची कोनशिला बसली. युद्ध आशियात पसरताच सरकारने विमान कारखान्याचा ताबा १९४२ मध्ये आपल्याकडे घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही सरकारी कंपनी त्याच रोपाचा वृक्ष आहे.

या घटनेत पुढील अनेक दशकांच्या धोरणाची दिशा दिसते. खासगी उद्योजकाने कल्पना मांडली, जोखीम घेतली आणि लष्करी महत्त्व सिद्ध होताच राज्यसंस्थेने ती आपल्या हाती घेतली. १९४८ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रास्त्रे आणि दारूगोळा यांचे उत्पादन केंद्र सरकारपुरते राखून ठेवले. १९५६ च्या ठरावाने तीच भूमिका कायम ठेवली. १९५८ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संस्था अर्थात डीआरडीओ स्थापन झाली. तिच्या पुण्यातील प्रयोगशाळा तोफा, दारूगोळा, स्फोटके आणि लष्करी पूल यांवर काम करू लागल्या.

यशवंतराव चव्हाणांचे खाते

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले आणि सैन्याची साधनसामग्रीतील दुर्बलता उघडी पडली. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला.

त्यापुढील पाऊल मात्र फारसे स्मरणात नाही. १९६५ च्या युद्धात अमेरिका आणि ब्रिटनने शस्त्रपुरवठा रोखला. परदेशी सुट्या भागांवरील अवलंबन किती घातक आहे, याचा तो धडा होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये, चव्हाण यांच्याच कारकिर्दीत, संरक्षण पुरवठा विभाग निर्माण करण्यात आला. नागरी उद्योग आणि संरक्षण उत्पादन यांची जोडणी करणे, हेच त्याचे काम होते. आयात होणाऱ्या वस्तू देशातील खासगी कारखान्यांकडून बनवून घेण्याचा हा पहिला सरकारी प्रयत्न. डिसेंबर १९८४ मध्ये हा विभाग उत्पादन विभागात विलीन झाला.

या व्यवस्थेत खासगी कारखानदार सुटे भाग पुरवीत असे. संपूर्ण शस्त्रप्रणाली बनवण्याचा अधिकार त्यास नव्हता. तरीही या मर्यादेत महाराष्ट्रात मोलाचे काम झाले. वालचंदनगरच्या कारखान्याने युद्धनौकांचे गिअरबॉक्स आणि अवकाश संशोधनासाठी रॉकेटच्या मोटारींची कवचे बनवली. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने रॉकेटची इंजिने घडवली. साखर कारखान्याची यंत्रे किंवा कपाटे बनवणारे हात किती दूर जाऊ शकतात, हे त्यातून दिसले.

नकारातून जन्मलेला संगणक

१९८० च्या दशकात भारतास हवा असलेला शक्तिशाली महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. तो अण्वस्त्रे किंवा क्षेपणास्त्रांच्या कामी येईल, ही तिची शंका होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक साकारला. बाजारात सहज मिळणाऱ्या संस्कारकांची समांतर जोडणी करून हे यश मिळाले. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने पुन्हा अनेक भारतीय संस्थांना निर्यातबंदीच्या यादीत टाकले. कल्याणच्या खाडीतला व्हियेगस आणि पुण्यातला परम यांच्यात तीन शतकांचे अंतर आहे, पण प्रसंग एकच आहे. विकणारा हात केव्हाही आखडता येतो.

दार उघडले, पण

मे २००१ मध्ये केंद्र सरकारने संरक्षण उत्पादन भारतीय खासगी उद्योगास पूर्णपणे खुले केले आणि २६ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीस मुभा दिली. ही मर्यादा पुढे वाढत जाऊन २०२० मध्ये थेट मार्गाने ७४ टक्क्यांवर गेली. २००४ मध्ये अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००५ मध्ये तिने दोन भागांत अहवाल दिला. निवडक खासगी कंपन्यांना ‘रक्षा उद्योग रत्न’ असा दर्जा देऊन त्यांना सरकारी कंपन्यांच्या बरोबरीने वागवावे, ही तिची महत्त्वाची शिफारस होती. ती अमलात आली नाही. मोठ्या परदेशी खरेदीच्या किमतीचा काही भाग भारतातील उद्योगात गुंतवण्याची अट मात्र २००५ पासून लागू झाली. २००६ मध्ये देशी रचनेच्या शस्त्रांसाठी ‘मेक’ ही कार्यपद्धती आली.

अलीकडच्या वर्षांत पावले झपाट्याने पडली. एप्रिल २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ ही योजना सुरू झाली. लष्कराने आपल्या अडचणी जाहीर कराव्यात आणि नवउद्योगांनी त्यांवर तोडगा सुचवावा, अशी तिची रचना आहे. निवड झालेल्या उद्योगास दीड कोटी रुपयांपर्यंत, तर मोठ्या प्रकल्पास दहा कोटींपर्यंत अनुदान मिळते. ऑगस्ट २०२० मध्ये १०१ वस्तूंच्या आयातीवर टप्प्याटप्प्याने बंदी घालणारी पहिली यादी निघाली. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतील २५ टक्के भाग उद्योग, नवउद्योग आणि विद्यापीठे यांच्यासाठी खुला करण्याचे जाहीर झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी आयुधनिर्माणी कारखान्यांचे सात कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया या कंपनीचे मुख्यालय पुण्यात, तर यंत्र इंडियाचे नागपुरात आहे.

२०२४-२५ मध्ये देशातील संरक्षण उत्पादन सुमारे १ लाख ५० हजार कोटी रुपयांवर, तर निर्यात २३ हजार ६२२ कोटींवर पोचली. निर्यातीत खासगी क्षेत्राचा वाटा निम्म्याहून अधिक होता. एकूण उत्पादनात मात्र तो एक चतुर्थांशाहून कमीच राहिला. दार उघडून दोन तपे उलटली तरी आतल्या दालनात गर्दी जुन्यांचीच आहे, असा या आकड्यांचा अर्थ.

तोफ आणि हातगोळा

दोन उदाहरणे या सहकार्याचे बळ आणि त्याची किंमत दोन्ही दाखवतात.

पहिले पुण्याचे. १९६१ मध्ये स्थापन झालेली भारत फोर्ज ही कंपनी मोटारींचे क्रँकशाफ्ट आणि आस घडवण्यासाठी नावारूपास आली. डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने १५५ मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या ओढतोफेचे काम २०१३ च्या सुमारास हाती घेतले, तेव्हा भारत फोर्ज आणि टाटा समूह यांना आरंभापासून भागीदार करण्यात आले. रचना सरकारी प्रयोगशाळेची आणि घडण खासगी कारखान्यांची, असा हा प्रयोग होता. चाचण्यांत तोफेने सुमारे ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला. त्यानंतरही बदल, फेरचाचण्या आणि निर्णयप्रक्रिया चालूच राहिली. अखेर मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार झाला. आरंभापासून करारापर्यंत बारा वर्षे गेली. मोठ्या कंपन्यांना ही प्रतीक्षा पेलता आली, कारण त्यांचा मोटारींचा धंदा चालू होता.

दुसरे उदाहरण नागपूरचे. खाणी आणि दगडखाणींसाठी स्फोटके बनवणाऱ्या सोलर समूहातील इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या कंपनीने डीआरडीओच्या चंदीगड येथील प्रयोगशाळेच्या तंत्रावर नवा हातगोळा तयार केला. महायुद्धकालीन बनावटीच्या जुन्या हातगोळ्याची जागा घेणारा हा गोळा ऑगस्ट २०२१ मध्ये लष्कराच्या हवाली झाला. मागणी दहा लाख गोळ्यांची होती. १६६० मध्ये व्यापाऱ्यांचे गोळे पन्हाळ्यावर पडले. २०२१ मध्ये खासगी कारखान्याचा गोळा आपल्याच सैनिकाच्या हाती आला. तंत्र दोन्ही वेळा नागरी उद्योगाकडे होते. दुसऱ्या वेळी त्याची रचना देशाच्या प्रयोगशाळेने केली होती आणि ग्राहकही देशच होता.

या कामात जीवघेणा धोकाही असतो. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातील खासगी कारखान्यात आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या सरकारी कारखान्यात झालेल्या स्फोटांत कामगारांचे प्राण गेले. उत्पादन खासगी असो वा सरकारी, धोका उचलणारा कामगार आसपासच्या गावांतला असतो. वाढत्या मागणीबरोबर सुरक्षेची शिस्त वाढली नाही, तर धोरणाचा भार त्याच्याच खांद्यावर पडतो.

चीन आणि अमेरिका

चीनने ‘लष्करी-नागरी एकात्मीकरण’ या धोरणास २०१५ मध्ये राष्ट्रीय व्यूहनीतीचा दर्जा दिला. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी मध्यवर्ती आयोग नेमला गेला. विद्यापीठ, खासगी कंपनी आणि सैन्य यांच्यातील भिंत काढून टाकणे हा त्याचा हेतू. याने वेग येतो, पण कोणती कंपनी निव्वळ नागरी आहे हे ओळखणेच अवघड बनते. याच कारणाने अमेरिकेने अनेक चिनी कंपन्या आणि संस्थांवर निर्यातबंदी घातली.

अमेरिकेचा मार्ग कंत्राटांचा आहे. १९८२ च्या कायद्याने तेथील मोठ्या संशोधन खर्चाच्या सरकारी खात्यांना काही हिस्सा लघुउद्योगांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. तेथे नकाराचीही मुभा आहे. २०१८ मध्ये ड्रोनच्या चित्रफितींचे विश्लेषण करणाऱ्या लष्करी प्रकल्पास गुगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि कंपनीने त्या कराराची मुदत वाढवली नाही. आपल्या कसबाचा उपयोग कशासाठी व्हावा, हे विचारण्याचा अधिकार कारागिरास असावा का, हा प्रश्न लोकशाही देशाला टाळता येत नाही. भारताचे धोरण या दोहोंच्या मधले आहे. येथे सक्ती नाही, पण लघुउद्योगास दीर्घकालीन कामाची हमीही पुरेशी नाही.

कोल्हापूरच्या भट्ट्या

मलकापूरहून कोल्हापूरला आले, की हा प्रश्न भट्टीच्या धगीइतका जवळ येतो. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून सुरू झालेली उद्यमनगरातील मेस्त्रींची परंपरा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत पसरली. येथील फौंड्री उद्योग मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांसाठी ओतीव भाग पुरवतो. मलकापूर-शाहूवाडीच्या डोंगरी, अतिवृष्टीच्या पट्ट्यात मोठा कारखाना नाही. तेथील तरुण कामासाठी या वसाहती, पुणे, मुंबई किंवा सैन्यभरतीचे मैदान गाठतो. मोटार उद्योगाला मंदी आली, की या वसाहतींतील पाळ्या कमी होतात. अशा वेळी संरक्षण उत्पादन हा दुसरा आधार ठरू शकतो.

तांत्रिकदृष्ट्या त्यात अशक्य असे काही नाही. अडचण व्यवहाराची आहे. मोटार कंपनी एकाच साच्याचे हजारो नग दरमहा मागते. लष्करी मागणी अनेकदा थोड्या नगांची असते आणि दोन मागण्यांमध्ये दीर्घ काळ जातो. नमुना बनवा, धातूची तपासणी करून घ्या, चाचण्यांची वाट पाहा आणि मग सर्वांत कमी दराच्या निविदेशी स्पर्धा करा, या क्रमात लहान कारखानदाराचे भांडवल अडकून पडते. लघुउद्योगांची देयके ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. केंद्रीय खात्यांनी खरेदीतील ठरावीक हिस्सा लघुउद्योगांकडून घ्यावा, असे धोरणही २०१२ पासून आहे. पण लहान फौंड्री थेट लष्कराला माल देत नाही. ती मोठ्या कंपनीची उपपुरवठादार असते. वरच्या करारास विलंब झाला, की तो साखळीत खाली उतरत शेवटच्या कडीशी येऊन थांबतो. बारा वर्षांची प्रतीक्षा पुण्याच्या मोठ्या कंपनीला झेपते, शिरोलीच्या दहा-वीस कामगारांच्या भट्टीला झेपत नाही.

केंद्राने २०१८ मध्ये दोन संरक्षण औद्योगिक पट्टे जाहीर केले, ते उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही या क्षेत्रासाठी स्वतःचे धोरण आणले. पण लहान उद्योगास नकाशावरील पट्ट्यापेक्षा अधिक गरज आहे ती पुढील पाच-सात वर्षांत कोणते भाग, किती संख्येने लागणार हे आधी कळण्याची, जवळ परवडणाऱ्या दरात चाचणीची सोय असण्याची आणि नमुना मान्य झाल्यावर खरेदी होईल या शब्दाची.

निष्कर्ष

साडेतीन शतकांचा हा आलेख पाहिला, तर एक सूत्र हाती लागते. तंत्र स्वतः कोणाचे नसते. ते ज्याला पोसले जाते, त्याच्याकडे राहते. रेव्हिंग्टनची तोफ, व्हियेगसची गलबते, आग्र्याच्या तोफांमागचे अधिकारी आणि नाकारलेला महासंगणक यांतून परक्या कसबावरील भिस्त किती क्षणभंगुर असते ते दिसते. वालचंद हिराचंद यांचा कारखाना, १९६५ चा पुरवठा विभाग, परम आणि पुण्याची तोफ यांतून दिसते, की देशी नागरी उद्योगास विश्वास आणि काम दोन्ही मिळाले, तर तो अपेक्षेहून पुढे जातो. विश्वास कायद्याने देता येतो आणि २००१ पासून तो बऱ्याच अंशी दिला गेला आहे. नियमित काम मात्र वेळेवर निघणाऱ्या मागणीपत्राने आणि वेळेवर चुकत्या होणाऱ्या देयकानेच देता येते.

आज्ञापत्राने आरमारासाठी लाकूड घेतानाही रयतेचे झाड राखण्यास सांगितले होते. लष्करासाठी ओतीव भाग घेताना रयतेची भट्टी विझणार नाही, एवढी काळजी आजच्या धोरणाने घेतली, तर शाहूवाडीच्या तरुणासमोर भरतीच्या मैदानाखेरीज देशरक्षणाचा आणखी एक मार्ग खुला राहील.